इंजिन खोलण्याआधी

इंजिन ऑइलचे वीसेक थेंब मिळून एक मिलिलीटर होतं, असं धरू. गाडी दर किलोमीटरला एक थेंब सांडत असेल, तर हजार किलोमीटरला पन्नास मिलिलीटर तेल गेलं. डिपस्टिकवर धड कळणारही नाही इतकं. आणि जुन्या फियाटचे मालक तर सांगतात, "हजार किलोमीटरला लिटरभर तेल घालावं लागतं, खालून सारखं गळतं ना!" हा हिशेब बसत नाही. एवढं तेल खालून जात असतं तर गाडी उभी राहते तिथे रोज डबकं साचलं असतं. तसं साचत नसेल, तर त्यातलं बहुतेक तेल इंजिनात जळून सायलेन्सरवाटे गेलेलं असतं. गळणं आणि जळणं ही दोन वेगळी दुखणी आहेत. त्यांचा खर्च वेगळा, इलाज वेगळा, आणि गंमत अशी की पुष्कळदा एकाचं मूळ दुसऱ्यात असतं.

महागावसारख्या तालुक्याच्या गावी हा फरक कळणं फार गरजेचं आहे. नागपूर-तुळजापूर महामार्गावरच्या या पट्ट्यात जुन्या वाड्याच्या पडवीत, एखाद्या गोदामात, डॉक्टरांच्या घरामागे ताडपत्रीखाली अजून कुठे कुठे एखादी फियाट असते. आजोबांनी हौसेनं घेतलेली, वडिलांनी चालवलेली, आणि नातवाला आता परत रस्त्यावर आणायची असलेली. मेकॅनिक येतो, बॉनेट उघडतो, काळं माखलेलं इंजिन बघतो आणि म्हणतो, "इंजन बांधाच लागते, भाऊ." मालक मान डोलावतो. संध्याकाळपर्यंत हेड उतरलेलं असतं, आठवड्याभरात क्रँक बाहेर येतो. मग पिस्टन मिळत नाहीत, मेकॅनिकच्या हातात ट्रॅक्टरचं काम येतं, पाऊस लागतो. दोन वर्षांनी गाडी पडवीतच असते, इंजिन मात्र तीन पोत्यांत. झिजून संपलेल्या गाड्यांपेक्षा अशा घाईनं खोललेल्या गाड्याच जास्त कायमच्या बसल्या असाव्यात, असं माझं मत आहे. म्हणून इथे पाना लावण्याच्या आधीच्या कामाबद्दल जास्त लिहितो आहे.

फियाटबद्दल थोडं. सोलापूरला जन्मलेल्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात आधी अमेरिकन गाड्यांची जुळणी झाली, मग इटलीच्या फियाटशी करार होऊन पन्नासच्या दशकात फियाट ११०० आली. १९६४ पासूनचा तिचा जो चौकोनी चेहरा आपल्या ओळखीचा आहे, तो पुढे प्रीमियर प्रेसिडेंट आणि १९७४ पासून प्रीमियर पद्मिनी या नावानं चालला. नावं बदलली तरी गावोगावी लोक तिला फियाटच म्हणत राहिले. २००० च्या सुमारास उत्पादन थांबलं. मुंबईतली शेवटची काळी-पिवळी पद्मिनी २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेवच्या आरटीओत नोंदवली गेली होती. वीस वर्षांची मुदत संपून ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती टॅक्सी म्हणून रस्त्यावरून उतरली. एवढ्या दीर्घ काळात हजारो टॅक्सीवाल्यांनी हे इंजिन पुन्हा पुन्हा बांधून चालवलं. आज सुटे भाग शोधायला निघाल्यावर काही ना काही हाती लागतं, ते बरंचसं त्यांच्यामुळेच.

इंजिन तसं साधं आहे. चार सिलिंडर, १०८९ सीसी, ६८ मिलिमीटरचा बोअर आणि ७५ मिलिमीटरचा स्ट्रोक. ब्लॉक बिडाचा, हेड अॅल्युमिनियमचं. कॅमशाफ्ट ब्लॉकमध्ये, तिथून पुशरॉड वर जाऊन रॉकर हलवतात. क्रँकला तीन मेन बेअरिंग. पेट्रोल पंप इंजिनालाच बसवलेला, आतल्या पडद्यानं पेट्रोल ओढणारा. इलेक्ट्रॉनिक काहीच नाही. त्यामुळे निदान करायला महागडं यंत्र लागत नाही. डोळे, नाक, हाताचा तळवा आणि दोन-तीन साधी गेज पुरतात.

पहिलं काम धुण्याचं. आमच्याकडच्या काळ्या मातीची धूळ तेलावर बसली की तिचा बोटभर जाड थर होतो. तो थर ओला असला तरी तेल नेमकं कुठून आलं हे त्यावरून मुळीच कळत नाही, कारण ते कदाचित पाच वर्षांपूर्वीचंही असेल. उलट तो थर इंजिनाची उष्णता कोंडून ठेवतो. डिस्ट्रिब्युटर आणि कार्ब्युरेटर पॉलिथिननं बांधायचे, इंजिन थंड असताना डिझेल आणि ब्रशनं सगळं खरवडून काढायचं, साबणाच्या पाण्यानं धुऊन पूर्ण कोरडं करायचं. मग सांध्यांवर टाल्कम पावडर हलकेच फुंकायची. इंजिन गरम होईपर्यंत जागेवर चालवायचं आणि बॅटरी घेऊन बघत बसायचं. पांढऱ्या पावडरीवर तेलाची पहिली रेघ जिथे उमटते ती खरी जागा. गाडी चालवून आणली असेल तर एक गोष्ट ध्यानात ठेवायची: तेल खाली ओघळतं आणि वाऱ्यानं मागे जातं. म्हणून सगळ्यात वरचा आणि सगळ्यात पुढचा ओला डाग शोधायचा. चेंबरच्या, म्हणजे इंजिनाखालच्या तेलाच्या भांड्याच्या, तळाला थेंब लोंबतो म्हणून चेंबरचं पॅकिंग बदलणारे खूप असतात. त्यातले कितीतरी थेंब वर टॅपेट कव्हरपासून निघालेले असतात.

टॅपेट कव्हरचं कॉर्कचं पॅकिंग बदलणं सगळ्यात सोपं काम, आणि तेच सगळ्यात जास्त बिघडवलं जातं. गळतंय म्हटल्यावर नट आवळायचा, परत गळलं की परत आवळायचा. पत्र्याच्या कव्हरची कड नटापाशी आत दबते, दोन नटांच्या मध्ये फुगते, आणि मग नवं पॅकिंगही तिथे टेकत नाही. चेंबरचंही तसंच. कव्हर किंवा चेंबर उतरवल्यावर कड सपाट काचेवर ठेवून बघावी. भोकांपाशी खोलगट झाली असेल तर सपाट लोखंडावर ठेवून लहान हातोडीनं मागच्या बाजूनं ठोकून ती सरळ करावी. पाच मिनिटांचं काम आहे. ते न करता वर लाल-काळं सीलंट थापणं हा उपाय नाही. जादा सीलंट दाबून बाहेर येतं तसं आतही जातं, आत त्याच्या शेवया होतात, आणि त्या तेलपंपाच्या जाळीत जाऊन अडकतात. गळती थांबते आणि बेअरिंग तेलावाचून जातात. सीलंट लावायचंच तर पातळ, आणि जिथे दोन पॅकिंगची टोकं मिळतात त्या कोपऱ्यांवर.

पुढच्या बाजूला टायमिंग कव्हरचं सील असतं आणि मागच्या बाजूला, क्लचच्या अंगाला, क्रँकचा मागचा सांधा. हा मागचा सांधा जुन्या गाड्यांचं कायमचं दुखणं. त्या काळच्या इंजिनांत तिथे कुठे ग्रॅफाइट लावलेली दोरी असते, कुठे रबरी सील, तर कुठे क्रँकवरच उलट आटे कोरलेले असतात, जे फिरताना तेल परत आत ढकलतात. तुमच्या इंजिनात काय आहे हे भाग मागवण्याआधी मॅन्युअलमध्ये बघा, अंदाजानं नको. आणि गिअरबॉक्स मागेच जोडलेला असल्यानं तिथून टपकणारं तेल कुणाचं हेही ठरवावं लागतं. गिअर ऑइल जाड असतं आणि त्याला गंधकाचा उग्र वास येतो. इंजिन ऑइल पातळ आणि वापरलेलं असेल तर काळं. बोटावर घेऊन हुंगलं तरी कळतं. ही गळती नुसती अंगण खराब करत नाही. तेल क्लच प्लेटवर गेलं की क्लच घसरायला लागतो, आणि गिअरबॉक्स उतरवल्याशिवाय तिथे हात पोचत नाही.

आता मुख्य मुद्दा. सील आणि पॅकिंग तेल अडवण्यासाठी केलेली असतात, दाब अडवण्यासाठी नाही. पिस्टनच्या रिंगा कितीही चांगल्या असल्या तरी स्फोटाचा थोडा वायू त्यांच्या कडेनं निसटून खाली चेंबरमध्ये उतरतोच. त्याला बाहेर जायला वाट म्हणून ब्रीदर असतो. कुकरची शिट्टी तुंबली की वाफ झाकणाच्या कडेनं फुसफुसायला लागते, अगदी तसंच ब्रीदर तुंबला की हा वायू प्रत्येक सांध्यातून तेल बाहेर ढकलतो. वर्षानुवर्षं उभ्या गाडीच्या ब्रीदरच्या जाळीत काळा गाळ वाळून दगड झालेला असतो. क्वचित कुंभारमाशीनं मातीचं घरही केलेलं असतं. ब्रीदर, त्याची नळी, तेल भरायच्या झाकणाची जाळी हे सगळं पेट्रोलनं धुऊन मोकळं करा आणि मग आठवडाभर गाडी चालवून बघा. चार ठिकाणची गळती एकदम कमी झालेली दिसू शकते. खर्च म्हणाल तर अर्धा लिटर पेट्रोल.

ब्रीदर मोकळा करूनही झाकण काढल्यावर तळव्याला भकाभका हवा लागत असेल, धुराचे लोट येत असतील, तर रिंगा किंवा सिलिंडर झिजलेले आहेत. अशा गाडीची सगळी सीलं बदलणं म्हणजे पैसे वाया घालवणं. नवी सीलं महिन्याभरात पुन्हा पाझरू लागतात आणि दोष बिचाऱ्या सीलवर येतो.

तेव्हा पुढची पायरी कॉम्प्रेशन बघण्याची. गेज महाग नसतं आणि तालुक्याच्या गावातही कुणाकडे तरी असतं. इंजिन गरम करायचं, इग्निशनची वायर सोडवायची, चारही प्लग काढायचे, अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून ठेवायचा आणि स्टार्टरनं पाच-सहा फेरे मारायचे. चार आकडे वहीत लिहायचे. समजा १२०, ११५, ११८ आणि ७० पौंड आले. चौथ्यात चमचाभर इंजिन ऑइल प्लगच्या भोकातून घालून परत मोजायचं. आकडा शंभराच्या वर उडाला, तर तेलानं रिंगांची फट तात्पुरती भरली, म्हणजे दोष रिंगांचा किंवा बोअरचा. सत्तरवरच राहिला, तर व्हॉल्व्ह बसत नाहीत. शेजारशेजारची दोन सिलिंडर सारखीच पडलेली असतील, तर त्यांच्यामधलं हेड गॅस्केट फुटलं असण्याची शक्यता मोठी. कॉम्प्रेसर जवळ असेल तर आणखी छान परीक्षा होते. त्या सिलिंडरचे दोन्ही व्हॉल्व्ह बंद असताना प्लगच्या भोकातून हवा भरायची आणि कान लावायचा. सायलेन्सरमधून सुसकारा आला तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, कार्ब्युरेटरमधून आला तर इनलेट, तेलाच्या झाकणातून आला तर रिंगा, रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर गॅस्केट.

धूरही बोलका असतो. निळा धूर म्हणजे तेल जळतंय. रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी चालू करताना एकच निळा लोट टाकून गप्प बसत असेल, किंवा उतारावर अॅक्सिलरेटर सोडून पुन्हा दाबल्यावर धूर येत असेल, तर व्हॉल्व्हचे गाइड झिजले आहेत. तेल वरून पाझरतंय. चढावर जोर लावताना सतत निळा येत असेल, तर रिंगा. पहिल्या प्रकारात हेडचं काम पुरतं, खालचं इंजिन खोलायची गरज नसते. या एका निरीक्षणावर खर्च निम्म्याहून खाली येऊ शकतो, आणि तरीही ते करायला कुणी थांबत नाही याचं मला फार वाईट वाटतं.

डिपस्टिक हुंगायलाही विसरू नये. तेलाची पातळी न घालताच वाढलेली दिसली आणि पेट्रोलचा वास आला, तर पेट्रोल पंपाचा पडदा फाटून पेट्रोल चेंबरमध्ये उतरतंय. तेल पाण्यासारखं पातळ होतं, सगळीकडून गळतं आणि बेअरिंगही खातं. अशी गाडी पंप बदलून तेल नवं घातल्याशिवाय चालवू नये. तेल दुधाळ दिसलं तर आत पाणी गेलंय. इथे अॅल्युमिनियमच्या हेडचा स्वभाव आठवायचा: गरम झाल्यावर अॅल्युमिनियम बिडाच्या जवळपास दुप्पट पसरतं, त्यामुळे दोघांमधल्या गॅस्केटवर दर वेळी ताण येतो, आणि इंजिन एकदा सडकून तापलं की हेड वाकतं. एप्रिल-मे मध्ये पारा ४४-४५ वर जातो, रेडिएटरमध्ये बोअरचं जड पाणी वर्षानुवर्षं भरलेलं असतं, त्याचे पापुद्रे पाण्याच्या वाटा बुजवतात. आमच्या भागात हेड वाकण्याचं मूळ पुष्कळदा या पाण्यात असतं. डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट हा श्रीमंती चोचला नाही, ते हेडचं आयुष्य आहे.

इतकं झाल्यावर वहीत एक पान भरलेलं असतं: गळतीच्या जागा, चार सिलिंडरचे आकडे, धुराची वेळ, गरम इंजिनावरचा ऑइल प्रेशर, खालून ठोके येतात का. या पानावरून तीनपैकी एक निर्णय होतो. कॉम्प्रेशन सारखं आहे, प्रेशर आहे, ठोका नाही: नुसती सीलं-पॅकिंग बदला आणि गाडी चालवा. बरीच वर्षं उभी राहिलेली गाडी चालू लागल्यावर सुरुवातीला जास्त गळते, कारण कॉर्क वाळलेलं आणि रबर कडक झालेलं असतं, तेव्हा त्यावरून इंजिन गेलं असं ठरवू नये. दुसरा निर्णय हेडपुरता. तिसरा, रिंगा गेल्या आणि बेअरिंग वाजतात, तर पूर्ण इंजिन बांधायचं. इंजिन बाहेर निघणारच असेल तर क्रँकचं मागचं सील, क्लच प्लेट, पाण्याचे पाइप, इंजिनाचे रबर माउंट हे त्याच वेळी करून घ्यावं.

आता पूर्ण इंजिन बांधायचं ठरलं, असं धरू. महागावात, उमरखेडला, पुसदला इंजिन बांधणारे कसलेले हात आहेत. ट्रॅक्टरवर त्यांचं आयुष्य गेलेलं असतं. पण एक फरक त्यांच्याशी आधीच बोलून घ्यायला हवा. बहुतेक ट्रॅक्टरांच्या इंजिनात लायनर वेगळा असतो: जुना उपसला, नवा लायनर-पिस्टनचा संच बसवला, काम झालं. फियाटचे सिलिंडर ब्लॉकमध्येच ओतलेले आहेत. ते झिजले की लेथवाल्याकडे नेऊन बोअर मोठा करावा लागतो आणि त्या मापाचे ओव्हरसाइझ पिस्टन घालावे लागतात. ब्लॉक आधी शेवटच्या मापापर्यंत वाढवला गेला असेल, तर स्लीव्ह ठोकून परत मूळ मापावर आणता येतो. बोअरिंग आणि क्रँक ग्राइंडिंगची भरवशाची यंत्रं मात्र यवतमाळ, नांदेड, नागपूर अशा मोठ्या गावीच शोधावी लागतात.

कामांचा क्रम फार महत्त्वाचा आहे. इंजिन खोलायचं, धुवायचं, मोजायचं. सिलिंडरच्या वरच्या टोकाला, जिथपर्यंत रिंग पोचते तिथे, नखाला लागणारी धार तयार झालेली असते. ती किती खोल आहे त्यावरून झीज कळते. बोअर गोल राहिलाय की अंडाकृती झालाय हे वर, मध्ये आणि खाली, दोन्ही दिशांनी मोजायचं. क्रँकचे जर्नल मायक्रोमीटरनं तपासायचे. त्या मापांवरून कोणता ओव्हरसाइझ आणि कोणतं बेअरिंग लागेल ते ठरतं. मग पिस्टन आणि बेअरिंग प्रत्यक्ष हातात घ्यायची, आणि त्यानंतरच ब्लॉक बोअरिंगला पाठवायचा. आधी बोअर वाढवून मग त्या मापाचे पिस्टन शोधत फिरणं ही इंजिन पोत्यात जाण्याची सगळ्यात सरळ वाट. चांगला लेथवाला पिस्टन समोर ठेवल्याशिवाय बोअर करतच नाही. प्रत्येक पिस्टन मोजून, त्याच्या फटीचा हिशेब धरून सिलिंडर कापतो, आणि पिस्टनवर एक-दोन-तीन-चार लिहून देतो.

भाग मिळवण्यासाठी मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड, दिल्लीत कश्मीरी गेट, कोलकात्यात मल्लिक बाजार हे जुने बाजार आहेत. तिथे जाताना किंवा कुणाला पाठवताना जुना भाग सोबत द्यावा आणि इंजिन नंबर लिहून द्यावा, कारण इतक्या वर्षांत लहानसहान बदल होत गेलेले असतात. पॅकिंगचा पूर्ण संच शक्यतो एकच घ्यावा, पण त्यातलं प्रत्येक सील वेगळं तपासावं. वर्षानुवर्षं दुकानाच्या माळ्यावर पडलेलं नवं सीलही कडक झालेलं असतं. ओठ बोटानं वाकवून बघितला आणि त्यावर बारीक चिरा दिसल्या तर ते परत द्यायचं. आणि जुन्या सीलच्या ओठानं क्रँकवर खाचा पाडलेल्या असतील, तर नवं सील त्याच जागी बसवून उपयोग नाही. जागा असेल तर ते किंचित आत किंवा बाहेर सरकवून बसवायचं, नाहीतर शाफ्टवर पातळ स्लीव्ह चढवायची.

ब्लॉकच बदलायचा मोह होतो, कारण कुणाकडे तरी "चालू कंडिशनचं" दुसरं इंजिन असतं. तो टाळता आला तर टाळावा. आरसी बुकावर इंजिन नंबर असतो, इंजिन बदललं तर आरटीओकडे नोंद करून घ्यावी लागते. शिवाय २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं झालेल्या, मूळ रूपात जपलेल्या गाडीला व्हिंटेज म्हणून 'व्हीए' अक्षरांचा वेगळा नंबर घेता येतो. सत्तरच्या दशकाच्या पूर्वार्धातल्या फियाट आता त्या वयाला पोचल्या आहेत. मात्र तशी नोंदणी केली की गाडी रोजच्या वापराला चालत नाही; प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल अशा कारणांपुरतीच रस्त्यावर काढता येते. बाजारहाटाला गाडी हवी असेल तर साधी नोंदणी नूतनीकरण करत राहावी.

खोलताना मोबाइलनं फोटो काढावेतच, पण फोटोवर सगळी भिस्त ठेवू नये. मेन बेअरिंगच्या टोप्या जागच्या जागी आणि त्याच दिशेनं बसायला हव्यात. त्या ब्लॉकसोबतच कापलेल्या असतात, अदलाबदल केली की क्रँक जाम होतो. कनेक्टिंग रॉडचंही तसंच. टोप्यांवर नंबर नसतील तर खोलण्याआधी पंचनं टिंब मारावेत: पहिल्याला एक, दुसऱ्याला दोन. पुशरॉड आणि व्हॉल्व्हसाठी पुठ्ठ्याच्या खोक्याला आठ-आठ भोकं पाडून क्रमानं खोचून ठेवायचे. प्रत्येक भागाचे नट-बोल्ट वेगळ्या डब्यात, डब्यावर नाव. मेकॅनिक हसेल, म्हणेल सगळं डोक्यात आहे. पण काम चार महिने लांबलं आणि तो मेकॅनिक पुण्याला निघून गेला, तर पुढच्याला ते डबेच उपयोगी पडतील.

वेळ निवडण्यातही शहाणपण लागतं. मृगाच्या तोंडावर आणि पुन्हा सोयाबीन निघताना सगळे मेकॅनिक ट्रॅक्टर आणि मळणीयंत्रांमागे धावत असतात, लेथवरही गर्दी असते. उन्हाळ्यात दुपारची वावटळ उघड्या ब्लॉकमध्ये मूठभर माती टाकून जाते. जुळणीला दिवाळीनंतरचे, थंडीचे दिवस चांगले, आणि तेही चार भिंतींच्या आत. बोअरिंग, होनिंग होऊन आलेला ब्लॉक स्वच्छ दिसतो, पण नसतो. होनिंगच्या दगडाची बारीक पूड सिलिंडरच्या रेघांत बसलेली असते आणि पेट्रोलनं ती निघत नाही. कढत पाणी, साबण आणि ब्रश घेऊन घासायचं, पांढरं फडकं फिरवायचं, ते करडं निघालं तर परत घासायचं. फडकं पांढरं निघेपर्यंत हे सोडायचं नाही. लगेच कोरडं करून तेलाचा हात फिरवायचा, नाहीतर तासाभरात तांबेरा चढतो. फडकंही बघून घ्यावं. गॅरेजमध्ये हात पुसायला वापरतात ते कॉटन वेस्ट आत अजिबात नको; त्याचे तंतू तेलाच्या वाटांत आणि पंपाच्या जाळीत अडकतात. पुष्कळदा धुतलेलं जुनं सुती धोतर किंवा लुगडं याला उत्तम.

जुळणीत टॉर्क पाना वापरायचाच. हेडचे नट मधून सुरू करून बाहेरच्या बाजूला, तीन टप्प्यांत, मॅन्युअलमधल्या मापानं. प्रत्येक बेअरिंग बसवल्यावर क्रँक हातानं फिरवून बघायचा. अडकला तर तिथेच थांबून कारण शोधायचं, पुढे जायचं नाही. सील बसवताना त्याचा स्प्रिंगचा ओठ तेलाच्या बाजूला, आणि ओठावर आधीच तेल लावलेलं. कोरडं सील पहिल्या मिनिटात भाजून निघतं.

पहिल्यांदा चालू करण्याआधी प्लग काढून स्टार्टरनं इंजिन फिरवायचं, ऑइल प्रेशरचा लाल दिवा विझेपर्यंत. मगच प्लग लावायचे. कॅमशाफ्ट नवा घातला असेल तर इंजिन संथ चालू न ठेवता पहिली वीस मिनिटं दीड-दोन हजार फेऱ्यांवर ठेवायचं, म्हणजे कॅम आणि टॅपेट एकमेकांत बसतात. तेल २०डब्ल्यू-५० दर्जाचं, आणि जस्ताचं प्रमाण बरं असलेलं. अलीकडच्या गाड्यांच्या पातळ तेलात ते कमी केलेलं असतं आणि या जुन्या कॅमला ते पुरत नाही. पुढचे पाचशे किलोमीटर एकाच वेगानं महामार्गावर पळवू नये आणि जोर लावून चढावर ओढूही नये. वेग कमी-जास्त करत चालवली की रिंगा बसतात. कॉर्कच्या सांध्यांना सुरुवातीला थोडा पाझर दिसेल, तिथे नट हलक्या हातानं एकदा बघून घ्यावेत. थेंब पडत असेल तरच खोलावं.

पाचशे किलोमीटरला पहिलं तेल बदलायचं. तेव्हा हेडचे नट मॅन्युअल सांगतं त्या पद्धतीनं परत तपासायचे, टॅपेटची फट फिलर गेजनं बघायची, आणि काढलेलं तेल पांढऱ्या फडक्यातून गाळून ते फडकं उन्हात धरायचं. लोहचुंबकाला चिकटणारी बारीक काळी पूड रिंगांची असते. पहिल्या तेलात ती येणारच. चंदेरी आणि चुंबकाला न चिकटणारे टोकदार कण पिस्टन घासल्याचे, त्यासाठी कॉम्प्रेशन पुन्हा मोजावं. मऊ, नखानं चेपणारे पांढरट किंवा तांबूस पापुद्रे दिसले तर ते बेअरिंगचे. मग गाडी एक किलोमीटरही न चालवता चेंबर उतरवायचं.